वणव्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावचा डोंगर दर उन्हाळ्यात जळतो. गेल्या साली हिरड्याची जुनी झाडं आणि दोन घरांच्या गवताच्या गंजी गेल्या. यंदा जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामपंचायतीचा निधी मिळून थोडे पैसे उभे राहतील असं दिसतं. कोणी म्हणतं ड्रोन आणि पाण्याचा टँकर घ्या, कोणी म्हणतं डोंगरावर दहा हजार झाडं लावा. खर्च नेमका कशावर करावा, असं त्या विचारतात.

ताई, मी वन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरांत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. टँकर नको, ड्रोन यंदा नको आणि झाडं तर इतक्यात नकोतच. पैसा गवतावर आणि माणसांवर घाला, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत घाला. आता असं का म्हणतो ते सांगतो.

वन खात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. पण डोंगर पेटतो की वाचतो हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत डोंगर हिरवागार असतो, दिवाळीत गवत पिवळं पडतं, डिसेंबरात ते खडखडीत वाळतं. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. तिचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून तिथंच पसरायचं, वाळू द्यायचं आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव असताना, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून ते जाळून टाकायचं. त्या दिवसांत आजूबाजूचं गवत दवानं ओलसर असतं, म्हणून आग पट्ट्याबाहेर जात नाही. हेच काम फेब्रुवारीअखेर करायला गेलात तर जाळरेषा काढतानाच डोंगर पेटतो. असं झालेलं मी दोनदा पाहिलं आहे.

सरकारी पैशाचं वर्ष मात्र एप्रिलला सुरू होतं. प्रस्ताव, मान्यता, तांत्रिक मंजुरी, मग निधी, असं करत रक्कम हातात येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत ती खर्ची टाकायची असते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तीन पावसाळे पाहिलेली एक लागवड होती. जांभूळ, हिरडा, बेहडा, आवळा. माणूसभर उंचीची झाली होती. जाळरेषेची रक्कम मी सप्टेंबरात मागितली. ती आली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. लागवड त्याच्या नऊ दिवस आधी एका संध्याकाळी जळून गेली. वरच्या कार्यालयातून निरोप आला की रक्कम परत जाता कामा नये, रेषा काढून घ्या. मजुरांना घेऊन मी काळ्या राखेतून रेषा काढली. ती मजुरी वाटताना माझा हात थरथरत होता, हे आजही आठवतं.

म्हणून तुमची पहिली मागणी रकमेची नको, तारखेची करा. जिल्हा नियोजनकडे प्रस्ताव देताना स्पष्ट लिहा की निम्म्याहून जास्त रक्कम सप्टेंबरअखेर मिळाली तरच तिचा उपयोग आहे आणि उरलेली राखणदारांच्या मजुरीसाठी जूनपर्यंत वापरता यावी. ३१ मार्चची भिंत बरोबर वणव्याच्या हंगामाच्या मधोमध येते. १ एप्रिलला राखणदार घरी बसतात, आणि आपल्या भागात एप्रिल हा सगळ्यात वाईट महिना असतो. ग्रामपंचायतीचा स्वतःचा थोडा निधी या फटीसाठीच राखून ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल, वेळेला हातात हवी.

आता गवत. पूर्वीही वणवे लागायचे, पण डोंगरावर इतकं गवत उभं राहत नसे. घरटी चार-सहा जनावरं असायची, दिवाळीनंतर अख्खं गाव विळे घेऊन डोंगरावर चढायचं, पेंढ्या बांधून गंजी रचायचं. जावळी-पाटणची माणसं मुंबईला गेली, माथाडीत गेली, जनावरं कमी झाली, वरकस जमिनी पडून राहिल्या. जे गवत बैलाच्या पोटात जायचं ते आता मार्चपर्यंत छातीइतकं उभं राहतं. त्यात घाणेरी आणि रानमोडी ही झुडपी तणं वाढली आहेत. कारवी या डोंगरी झुडपाचंही तसंच. सात-आठ वर्षांनी ती फुलते आणि मरते, आणि मग उतारच्या उतार वाळक्या काटक्यांचे होतात. ज्या वर्षी कारवी फुलेल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात राखण दुप्पट ठेवा.

तुमचा सगळ्यात मोठा खर्च गवत कापण्यावर व्हावा असं मला मनापासून वाटतं. गावातल्या बचत गटांना हे काम द्या, शेकडा पेंढ्यांच्या दरानं, आणि दर आठवड्याला पैसे हातात पडतील असं बघा. गवत निसवण्याच्या, म्हणजे तुरा बाहेर पडण्याच्या सुमारास कापलं तर जनावर ते आवडीनं खातं. दाणा धरून कुसळ सुटल्यावर कापलेलं गवत निव्वळ पोट भरतं. एकाच जिल्ह्यात आपण पश्चिमेला गवत जाळतो आणि पूर्वेला माण-खटावला चाऱ्यासाठी छावण्या उघडाव्या लागतात. २०१३ ला उघडल्या, २०१९ ला उघडल्या. डोंगरी गवताला कडब्याची सर नाही आणि सुटं गवत ट्रकनं नेणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण गाठी बांधायचं एक यंत्र चार-पाच गावांत मिळून घेतलं तर वाहतुकीचं गणित बदलतं. टँकरऐवजी ते यंत्र मागा. टँकर जाईल तिथवर रस्ता हवा, आणि आपले वणवे जिथं पेटतात तिथं पायवाटही धड नसते.

जाळरेषा कुठे काढायची यावर पैसे वाचतात किंवा वाया जातात. आग चढणीला धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवतावर ओणवते आणि ते आधीच तापवून ठेवते. म्हणून उताराच्या मध्यावर आडवी काढलेली रेषा खालून येणारी आग सहज ओलांडते. रेषा काढायची ती पायथ्याला, शेतं आणि रस्त्यालगत, आणि वर धारेवर. धारेवर पोचलेली आग पलीकडे उतरताना मंदावते, तिथं सहा मीटरचा पट्टाही तिला रोखतो. गावाच्या हद्दीवर आणि रस्त्याकडेला बारा मीटर ठेवा. आधीपासून असलेल्या गोष्टी वापरा: ओढे, जुन्या गाडीवाटा, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते. त्या रस्त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कापल्या की अर्धी रेषा फुकटात तयार होते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, जाळरेषेसाठी जेसीबी लावू नका. आपल्याकडचा पाऊस कोकणाच्या तोडीचा. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला. उतारावर माती खरवडून केलेली उभी रेषा पहिल्याच पावसाळ्यात ओघळ होते आणि तिसऱ्या पावसाळ्यात नाला. गवत कापायचं, मुळं आणि माती जागेवर ठेवायची.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. डोंगर आपोआप पेटत नाही, तो पेटवला जातो किंवा हातून पेटतो. बांध-ताली जाळताना आग सुटते. राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना सुटते. आग्या मोहोळाला धूर देणारा पलिता तसाच टाकून जातो. सशा-डुकराच्या मागे लागलेले पेटवतात. घाटरस्त्यावर सिगारेट पडते. घराजवळ बिबट्याला आडोसा नको म्हणूनही पेटवतात, आणि ती भीती खरी असते. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे, जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं हा समज.

पाटणच्या वरच्या अंगाला एका गवळी धनगर आजोबांशी मी यावर एक अख्खी रात्र बोललो होतो. ते म्हणाले, "साहेब, तुमी म्हंता गवत येत न्हाई. मला तर डोळ्यांनी दिसतंय, धा दिसांत हिरवा कोंब." त्यांचं बघणं खरं होतं. जळालेल्या जागी सावली उरत नाही, जमीन तापते, मुळात साठवलेल्या अन्नावर बुंध्यातून कोंब फुटतो आणि मेच्या टंचाईत म्हशीला तो गोड लागतो. पण तो कोंब नव्या खतावर आलेला नसतो, मुळाच्या साठ्यातून काढलेला असतो. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद राहतं, नत्र धुरावाटे हवेत जातं, आणि उतारावरची राख पहिल्या वळवात ओढ्याला लागते. वर्षानुवर्षं जाळत राहिलं की मारवेलसारखी चांगली गवतं मागे पडतात आणि कुसळी पुढे सरते, कारण कुसळीचं बी आपल्या पिळदार शेपटीनं जमिनीत स्वतःला रुतवून घेतं आणि आगीतून वाचतं. मी आजोबांना विचारलं, तुमच्या लहानपणी इतकं कुसळ होतं का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, न्हवतं.

त्यानंतर त्यांनी जाळणं लगेच सोडलं असं झालं नाही. मेच्या चाऱ्याची सोय झाली तेव्हा सोडलं. भाषण देऊन म्हैस जगत नाही. कापलेल्या गवतातल्या काही गंजी गावानं धनगरवाड्यासाठी राखून ठेवल्या, त्या मे महिन्यात दिल्या, आणि त्या सोंडेवर पुढची काही वर्षं आग लागली नाही. तुमच्या अंदाजपत्रकात हा चारा जरूर धरा. त्याला पाहिजे तर वणवा प्रतिबंध म्हणा.

कायदा आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागू होतं. मुद्दाम पेटवणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायलाच हवा. मात्र ज्याच्या हातून बांध जाळताना आग सुटली त्यानं पहिल्या पाच मिनिटांत गावाला हाक मारली पाहिजे, आणि तो मारत नाही, कारण त्याला अटकेची भीती असते. ग्रामसभेत ठरवा की बांध-राब भाजायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, राखणदार येऊन उभे राहतील, सकाळी नऊच्या आत काम संपवायचं. माझ्या अनुभवात या एका ठरावानं कागदावरच्या कितीतरी योजनांपेक्षा जास्त डोंगर वाचवला आहे.

राखणदारांचं बोलू. चार माणसं, फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत, त्यातली दोन अशा सोंडेवर जिथून सगळा डोंगर दिसतो. धनगरवाड्यातली मुलं घ्या, त्यांना वाटा पाठ असतात. मजुरी दर आठवड्याला. पगार सहा महिने अडकला की पुढच्या साली तीच माणसं येत नाहीत आणि शिकवलेलं सगळं वाया जातं. पायात बूट, अंगात सुती जाड कपडे (पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं), डोक्याला विजेरी, रबरी झोडपण्या, दोन ब्लोअर, पाठीवरचे पंप, पिण्याचं पाणी आणि प्रत्येकाचा अपघात विमा. विमा काढल्याशिवाय एकालाही आगीवर पाठवू नका.

ड्रोनबद्दल विचारलंत. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नंबर नोंदवला की उपग्रहानं टिपलेल्या आगीचा संदेश फुकट येतो, तो आधी घ्या. पण त्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहाचं चित्र जास्त बारीक असतं तो आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. आपला गवताचा वणवा पेटतो दुपारी तीन-चारला आणि रात्री नऊपर्यंत डोंगर उलटून विझतोही. तो उपग्रहाला दिसतच नाही. म्हणून आकडेवारीत सातारा-सांगलीचे वणवे कमी भासतात आणि निधी मागताना आपली बाजू लंगडी पडते. यावर उपाय म्हणून दर वणव्यानंतर राखेच्या कडेनं चालत जाऊन गट नंबरांच्या नकाशावर हद्द रंगवा, तारीख-वेळ लिहा. तीन वर्षांचे असे नकाशे घेऊन गेलात तर तुमचा प्रस्ताव कोणी बाजूला ठेवणार नाही. आग कुठून सुरू होते तेही त्यातच कळतं. बहुतेकदा त्याच दोन-तीन जागा असतात.

दहा हजार झाडांचं मला खरंच दुखतं, कारण लावलेली झाडं जळताना मी पाहिली आहेत. वणवा थांबल्याशिवाय लागवड म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं सरपण. आणि सड्यावर तर खड्डा मारूच नका. जांभ्या खडकावरची बोटभर माती ही ओसाड जागा नव्हे. कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा भाग म्हणून गेलं ते झाडांमुळे नव्हे, त्या उथळ मातीत पावसाळ्यात उगवणाऱ्या शेकडो प्रकारच्या फुलांमुळे. आपल्या डोंगरात जंगलाची जागा घळीत आहे. घळीतलं अंजन-जांभळाचं रान, देवराईचा तुकडा, यांची कड दरवर्षी थोडी थोडी जळून आत सरकते. त्या कडेभोवती जाळरेषा काढा आणि पाच वर्षं आग येऊ देऊ नका. ऐन, हिरडा, कुंभा यांचे बुंधे जमिनीखाली जिवंत असतात, ते स्वतःहून फुटतात. खड्डा नको, रोप नको, ट्री गार्ड नको. सांगलीतलं सागरेश्वर बघून या. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर लोकांनी लावून-राखून उभं केलेलं ते अभयारण्य, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. तिथं लावण्याइतकंच राखण्याचं मोल आहे.

पैसा कुठून? केंद्राची वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन योजना आहे, तिच्यात आपल्या राज्यासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के घालतं. कॅम्पाचा निधी आहे, म्हणजे जंगलाची जमीन धरण-रस्ते-खाणींना दिल्याबद्दल जमा झालेला पैसा. २०१६ च्या कायद्यानं त्याचा ९० टक्के भाग राज्यांकडे येतो आणि वणवा प्रतिबंध हा त्यातला मान्य खर्च आहे. हे दोन्ही वन खात्याच्या वार्षिक आराखड्यातून जातं, म्हणून तुमच्या वनक्षेत्रपालांना आराखडा तयार होत असतानाच भेटा, नंतर नव्हे. तुमचं गाव सह्याद्री व्याघ्र प्रकल्पालगत असेल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना बघा. संयुक्त वन व्यवस्थापन समिती कागदावरच असेल तर तिची बैठक घ्या, वनजमिनीवरचं गवत कापायला तिचा आधार लागतो. रोजगार हमीतून समतल चर आणि अनघड दगडी बांध होतात. ते पाणी धरतात, ओल धरलेला उतार उशिरा वाळतो.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना कृष्णेचं पाणी उचलून सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात नेतात. कोयनेची वीज १९६० मेगावॉटची. सातारा शहर कास तलावाचं पाणी पितं. हे सगळं पाणी ज्या डोंगरांवर पडतं ते डोंगर दर उन्हाळ्यात उघडे होतात, माती धरणात जाते, झरे डिसेंबरऐवजी नोव्हेंबरात आटतात. धरणांच्या गाळाचा खर्च आपण करतो, तो येऊ न देण्याचा करत नाही. खोऱ्याच्या खालच्या अंगाला जे पाणीपट्टी भरतात त्यातला एक लहान वाटा वरच्या गावांच्या राखणीसाठी यावा, असं मी नोकरीत असताना तीनदा लिहून दिलं होतं. तुम्ही सरपंच म्हणून ठराव करून पाठवलात तर त्याला जास्त वजन येईल.

आगीवर जाण्याबद्दल शेवटचं, कारण यात चूक झाली तर पैशानं भरून येत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकला गेलेले वीसहून अधिक लोक गवताच्या वणव्यात गेले. आपले उतार तसेच आहेत. आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही. घळीत उतरायचं नाही, ती धुराड्यासारखी ओढते. बाजूनं, शेपटाकडून झोडपत पुढे सरकायचं. अडकलात तर वर पळायचं नाही, आधीच जळून काळ्या झालेल्या जागेत शिरायचं. दुपारी डोंगराला हात लावायचा नाही, पायथा आणि धार सांभाळायची, रात्री हवा गार झाली, वारा खाली वळला की मग विझवायला जायचं. उलटी आग, म्हणजे येणाऱ्या वणव्यासमोर मुद्दाम दुसरी आग लावण्याचा प्रयोग गावातल्या कोणीही वन कर्मचारी सोबत नसताना करू नये.

यंदाचा पाऊस उघडला की ग्रामसभेच्या आधी एक दिवस धारेवर फिरून रेषांच्या जागा ठरवू. मला कळवा, मी येतो. सोबत दोन बचत गटांच्या ताई आणि धनगरवाड्यातलं एक जाणतं माणूस असू द्या.